कपाटाखाली टांगलेले कॉफीयंत्र: वडोदऱ्यातील एका स्वयंपाकघराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वडोदऱ्यातील कारेलीबाग भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत. मापे, वीजजोडणी आणि निर्णयांचा क्रम मात्र बदललेला नाही. घरात निवृत्त दांपत्य (पुढे काका आणि काकू), काकांच्या आई, आणि कलाभवनात, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत, शिकणारा पुतण्या असे चौघे राहतात. मुलगा न्यू जर्सीत असतो. या घराच्या स्वयंपाकघराची आखणी पूर्वी मी केलेली असल्यामुळे यंत्र बसवण्याच्या वेळी मला पुन्हा बोलावण्यात आले.

या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर आणि जायफळ घातलेली कॉफी, आणि तीसुद्धा पाहुणे आले किंवा आजींना सर्दी झाली तरच. मुलाकडे काही महिने राहून आल्यावर काका-काकूंना सकाळी गाळलेली कोरी कॉफी घेण्याची सवय लागली. ती पाहून मुलाने दिवाळीला येताना एक यंत्र आणले. अमेरिकेत ज्याला कपाटाखालचे ड्रिप कॉफीयंत्र म्हणतात त्या जातीचे ते होते. ओट्यावर न ठेवता भिंतीवरच्या कपाटाच्या तळाला चार स्क्रूंनी टांगायचे. यंत्र आणण्यापूर्वी घरात कोणाला विचारलेले नव्हते, कारण ती भेट होती आणि भेट विचारून आणत नाहीत.

अशा उपकरणांची कल्पना अमेरिकेत १९८० च्या दशकात जोर धरू लागली. कॅन उघडणारे यंत्र, छोटी भट्टी, रेडिओ, कॉफीयंत्र अशा अनेक वस्तू तेव्हा ओट्यावरून उचलून कपाटाखाली गेल्या. त्यामागे तिथल्या स्वयंपाकघराची ठरावीक मापे होती. ओटा आणि वरचे कपाट यांच्यात साधारण १८ इंच अंतर असते, कपाट १२ इंच खोल असते, आणि त्याच्या पुढच्या लाकडी चौकटीची कड तळफळीपेक्षा थोडी खाली उतरलेली असते. यंत्राची उंची, स्क्रूंची लांबी आणि यंत्र व तळफळी यांच्यात अंतर राखायला सोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या नळकांड्या या सगळ्यांचा हिशेब त्या कपाटावर बेतलेला असतो. आपल्याकडचे कपाट तसे नसते, आणि या प्रकरणातील निम्म्या अडचणी तिथून सुरू होतात.

यंत्राची रचना साधी आहे. टाकीतले गार पाणी एकदिशा झडपेतून तापणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीत येते, तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि ते बुडबुडे पाणी थोडे थोडे करून वर ढकलतात. वर गेलेले पाणी गाळणीतल्या भुकटीवर पडते आणि कॉफी खालच्या काचेच्या भांड्यात उतरते. पाणी वर चढवायला पंप लागत नाही. भांड्याखालची तबकडी गरम ठेवण्याचे कामही तेच तापक करते. टाकी पुढच्या बाजूने सरकवून बाहेर काढता येते, म्हणजे पाणी भरण्यासाठी झाकण वर उघडावे लागत नाही. साध्या कॉफीयंत्रात आणि यात खरा फरक तेवढाच.

अडचण

स्वयंपाकघर इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराचे आणि लहान आहे. ओट्यावर गॅसची शेगडी, सिंक, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि मिक्सर यांनी आपापल्या जागा धरलेल्या होत्या. उरलेल्या मोकळ्या पट्ट्यावर काकू पोळ्या लाटतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की, कॉफी हवी तेवढी करा, पण पोळपाटाची जागा जाता कामा नये. ही अट पुढच्या प्रत्येक निर्णयात मोजपट्टीसारखी वापरली गेली आणि ती बरोबरच होती.

यंत्राच्या मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि ९७५ वॅट असे छापलेले होते. आपल्या घरात वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५० लाटा, तिची वारंवारता) या दराने येते. तापक तोच ठेवून व्होल्टेज वाढवले तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हे यंत्र आपल्या सॉकेटमध्ये थेट लावले असते तर तापकाने क्षणात साडेतीन हजार वॅटच्या वर शक्ती खेचली असती आणि आतला सुरक्षा फ्यूज, कदाचित त्याच्या आधी यंत्रातल्या घड्याळाचा सर्किट बोर्ड, जळून गेला असता. हे घरात सर्वांना ठाऊक होते. वारंवारतेतल्या फरकाकडे मात्र सुरुवातीला कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसरी अडचण कपाटाची. कपाटाची तळफळी १८ मिलिमीटर जाडीच्या, दोन्ही बाजूंनी सनमायका असलेल्या पार्टिकल बोर्डची होती. कोरड्या सामानासाठी ते चालते, पण वाफ आणि ओल त्याला सोसत नाही. भोक पाडलेल्या ठिकाणी उघडा पडलेला भुसा पाणी शोषतो आणि फुगतो. त्यातच कपाटांना मुठी नव्हत्या. बोटे घालून ओढता यावे म्हणून दारे तळफळीच्या खाली सुमारे पाऊण इंच उतरवलेली होती. दिसायला ती सुबक होती, पण यंत्र टांगताना नेमकी तीच कड मधे येणार होती.

तिसरी अडचण कोणी अडचण म्हणून मांडली नव्हती. दिवसाला हे यंत्र किती वापरले जाईल, आणि वापरणार कोण?

विचारात घेतलेले पर्याय

यंत्र माळ्यावर ठेवून देणे हा पहिला पर्याय, आणि खर्चाच्या दृष्टीने तोच सर्वात शहाणपणाचा होता. पण मुलाने इतक्या लांबून सामानाच्या वजनात बसवून आणलेली वस्तू माळ्यावर टाकणे काकांना पटेना. त्यात भावनेचा भाग होता हे मान्य करूनच पुढचा विचार झाला, आणि माझ्या मते ते योग्य झाले. घरातल्या वस्तूंचे निर्णय निव्वळ हिशेबावर होतात असे समजून सल्ला देणाऱ्याचा सल्ला कोणी ऐकत नाही.

दुसरा पर्याय, २३० व्होल्टवर चालणारे लहान कॉफीयंत्र इथल्याच बाजारातून घेणे. ते सहज मिळते, स्वस्त असते आणि दुरुस्तही होते. पण त्याचे झाकण वर उघडते, त्यामुळे कपाटाखाली ठेवले तर प्रत्येक वेळी पुढे ओढावे लागते, आणि पुढे ओढायची जागा म्हणजे पुन्हा पोळपाटाचीच. कपाटाखाली टांगायचे आणि २३० व्होल्टचे असे यंत्र इथल्या बाजारात शोधूनही मिळाले नाही.

तिसरा पर्याय एका दुरुस्तीवाल्याने सुचवला: तापकाच्या वायरमध्ये एक डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) टाकला की अर्धी लाट कापली जाते आणि व्होल्टेज 'निम्मे' होते. हा तोडगा इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की त्याचा हिशेब इथे मांडणे आवश्यक वाटते. अर्धी लाट कापल्याने शक्ती निम्मी होते, प्रभावी व्होल्टेज मात्र निम्मे होत नाही. २३० चे ते सुमारे १६३ होते. १२० व्होल्टच्या तापकाला १६३ व्होल्ट दिले तर तो ९७५ ऐवजी सुमारे १८०० वॅट खेचतो. यंत्र लगेच जळणार नाही, काही दिवसांनी जळेल, आणि तोपर्यंत कपाटाला चिकटून जवळजवळ दुप्पट तापलेले राहील. शिवाय घड्याळाच्या बोर्डाला अशी कापलेली वीज चालत नाही. हा पर्याय तिथेच सोडून देण्यात आला. तापक बदलून २३० व्होल्टचा बसवण्याची सूचनाही आली होती, पण या यंत्रात तापक, नळी आणि तबकडी एकाच ओतीव तुकड्यात असल्यामुळे बाजारातले कॉइल तिथे बसत नाही.

उरला तो व्होल्टेज कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर. ९७५ वॅटच्या यंत्रासाठी १५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्यावा, म्हणजे तो पूर्ण भारावर चालत नाही आणि कमी तापतो, असे वायरमनचे मत होते. आता प्रश्न उरला प्रकाराचा. एकाच वायंडिंगचा (तारेच्या वेटोळ्याचा) ऑटोट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त असतो, पण त्याच्या सामाईक भागाची तार तुटली तर बाहेरच्या बाजूला पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. दोन स्वतंत्र वायंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तसे होत नाही. तो जड आणि महाग असतो. काकांनी थोडी घासाघीस करून शेवटी दुसरा घेतला. त्या एका वस्तूची किंमत इथल्या साध्या कॉफीयंत्रापेक्षा जास्त झाली, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितले.

जागेचा निर्णय

वरच्या कपाटांचे तीन भाग होते. पहिल्याच्या शेजारी चिमणी आणि खाली शेगडी. आचेच्या वर किंवा जवळ असे यंत्र टांगू नये, त्यामुळे तो बाद झाला. दुसऱ्याखाली सिंक आणि पाण्याचे यंत्र होते, तिथे वीज आणि पाणी फार जवळ आले असते. तिसरा भाग खिडकीजवळच्या कोपऱ्याचा. त्याच्याखाली तेव्हा मिक्सर आणि डबे असत, आणि त्याला लागूनच पोळपाटाचा पट्टा सुरू होत असे.

इथे मोजपट्टी हातात घेतल्यावर जे दिसले ते या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचे वाटते. ओटा जमिनीपासून ३२ इंचांवर, कपाटाचा तळ ५४ इंचांवर, म्हणजे मधले अंतर २२ इंच. यंत्राची उंची १३ इंच, आणि टांगणीत आणखी एक इंच जाणार होता. खाली उरणार होते ८ इंच. या ८ इंचांत मिसळणाचा डबा राहतो, परात राहते, विळी-चाकू राहतात. मिक्सर मात्र राहत नाही, कारण भांडे चढवलेला मिक्सर त्याहून उंच असतो. पोळीही लाटता येत नाही, कारण लाटताना माणूस ओट्यावर वाकतो आणि डोके यंत्रापाशी येते. यंत्राच्या खोक्यावर 'ओटा मोकळा' असे चित्र होते, आणि ते खोटे नव्हते. फक्त मोकळा झालेला भाग ८ इंच उंचीचा होता. मिक्सर कुठे जाणार हे न ठरवता यंत्र टांगले असते तर मिक्सर सरकत सरकत पोळपाटाच्या जागी आला असता, आणि काकूंची एकमेव अट मोडली असती.

म्हणून आधी मिक्सरची सोय झाली. तो पाण्याच्या यंत्राच्या पलीकडे, खोलगट कोपऱ्यात गेला, जिथे पूर्वी रिकाम्या बाटल्या साचत. त्यानंतरच कॉफीयंत्राच्या भोकांचा कागदी साचा तळफळीवर चिकटवण्यात आला.

टांगणी

सुतार मिस्त्री हुशार होता आणि घाईत होता. यंत्रासोबत आलेल्या प्लास्टिकच्या चार नळकांड्या पाहून त्याने त्या बाजूला ठेवल्या. त्याचे म्हणणे असे की, या अमेरिकी कपाटाच्या पुढच्या कडेसाठी दिलेल्या आहेत, आपल्या कपाटाचा तळ सपाट आहे, तेव्हा यंत्र थेट तळाला भिडवून बसवू आणि लांब स्क्रू करवतीने कापून टाकू. तर्कात चूक काढण्यासारखे काही नव्हते. यंत्र तळाला हाताने धरून पाहिले, आणि कपाटाचे दार उघडायला गेल्यावर ते उघडेना. दाराची खाली उतरलेली कड यंत्राच्या पुढे आलेल्या कपाळपट्टीवर अडत होती. शिवाय त्याच कडेमुळे यंत्राच्या वरून निघणारी वाफ बाहेर पडायला वाटच राहत नव्हती.

नळकांड्या परत लावल्या, यंत्र एक इंच खाली आले, दार मोकळे फिरले, आणि वाफेला फट मिळाली. ज्या कारणासाठी त्या दिल्या होत्या ते कारण इथे नव्हते, पण काम त्यांनीच केले, आणि लांब स्क्रूही न कापता बरोबर बसले. तळफळीला चार भोके पाडून स्क्रू कपाटाच्या आतून खाली सोडले. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रूचे डोके हळूहळू रुतत जाते. यंत्राचे वजन, भरलेली टाकी, भरलेले भांडे आणि रोजचे टाकी ओढणे-ढकलणे एवढे त्या चार डोक्यांवर येणार होते. म्हणून आत १२ मिलिमीटरची जलरोधक प्लायची फळी ठेवून तिच्यावर रुंद वॉशर दिले आणि स्क्रू तिच्यातून घेतले. भोकांच्या कडांना सिलिकॉन लावले. तळफळीच्या खालच्या बाजूला स्टीलचा पातळ पत्रा बसवावा असेही मी सुचवले होते; आधीच खर्च पुष्कळ झाल्यामुळे काकांनी ते 'पुढे पाहू' यावर ठेवले.

विजेची बाजू

ट्रान्सफॉर्मर ठेवायचा कुठे, हा प्रश्न खोक्यावरच्या चित्रात अर्थातच नव्हता. वरच्या कपाटात तो ठेवला असता तर वजन आणि उष्णता दोन्ही डोक्यावर आले असते. ओट्यावर ठेवला असता तर सगळा खटाटोप वाया गेला असता. शेवटी ओट्याखालच्या, सिंकपासून सर्वात दूरच्या कप्प्यात, जमिनीपासून उचललेल्या फळीवर तो बसवला आणि त्या कप्प्याच्या दाराला जाळी केली. तिथे पूर्वी कांदे-बटाट्यांची टोपली होती. ती बाहेर आली आणि काही दिवस दारामागे, मग खिडकीखाली, मग पुन्हा दारामागे अशी फिरत राहिली.

ट्रान्सफॉर्मरला जाणारे बटण ओट्याच्या उंचीवर भिंतीत दिले, आणि बाहेर येणारी ११० व्होल्टची वायर पट्टीतून वर नेऊन कपाटाखाली अमेरिकी पद्धतीच्या चपट्या पिनांचा सॉकेट बसवला. त्यामुळे मिक्सरचा प्लग चुकून तिथे जाणे शक्य राहिले नाही. उलट चूक मात्र शक्य होती, आणि ती होता होता राहिली. शेजारच्या भिंतीवर सर्व देशांचे प्लग स्वीकारणारा 'युनिव्हर्सल' सॉकेट होता. कामाला येणाऱ्या मावशींनी कपाट पुसताना यंत्राचा प्लग काढला आणि परत लावताना समोर दिसला त्या सॉकेटकडे नेला. त्याच क्षणी काकू तिथे होत्या म्हणून थांबवता आले. मावशींचा यात काही दोष नव्हता, प्लग तिथे सहज बसत होता. दुसऱ्याच दिवशी तो सॉकेट काढून केवळ आपल्या गोल पिनांचा बसवला, आणि यंत्राची वायर गुंडाळून इतकी आखूड केली की ती स्वतःच्या सॉकेटपलीकडे पोचू नये. परदेशातून कमी व्होल्टेजचे उपकरण आणणाऱ्या घरांत हा एक बदल सर्वांत आधी व्हायला हवा.

ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट देत असल्यामुळे यंत्राला ९७५ ऐवजी सुमारे ८२० वॅटच मिळतात. त्यामुळे कॉफी थोडी सावकाश उतरते. चवीत फरक पडत नाही, कारण पाणी वर चढते ते उकळीच्या जोरावरच, आणि शक्ती कमी मिळाली तरी उकळीचे तापमान तेच राहते.

घड्याळाचे कोडे

यंत्रात वेळ लावून ठेवण्याची सोय होती, आणि काकांना सर्वात जास्त आकर्षण तिचेच होते. सकाळी सहाला कॉफी तयार असावी आणि ती घेऊन कमाटीबागेत फिरायला जावे, असा त्यांचा बेत. रात्री नऊला घड्याळ बरोबर लावून सहाची वेळ दिली, आणि सहाला काहीच झाले नाही. काका कोरडेच फिरायला गेले. परत आले तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते आणि यंत्र गुरगुरत कॉफी गाळत होते.

उलगडा पुतण्याने केला. या यंत्राचे घड्याळ विजेच्या लाटा मोजून वेळ पुढे सरकवते. सेकंदाला ६० लाटा येतील असे ते धरून चालते. आपल्याकडे ५० येतात, म्हणून एका खऱ्या तासात त्याची ५०च मिनिटे होतात. घड्याळाचे नऊ तास पुरे व्हायला प्रत्यक्षात १० तास ४८ मिनिटे लागतात, आणि रात्री नऊपासून मोजले तर ७ वाजून ४८ मिनिटे होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, लाटांची संख्या बदलत नाही. अशा घड्याळाला आपल्या विजेवर दिवसाला चार तास मागे पडण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यावर पुतण्याने तोडगाही काढला: नऊ तासांनंतर कॉफी हवी असेल तर घड्याळाला साडेसात तासांची वेळ द्यायची. हिशेब चोख होता आणि तो चाललाही. पण त्यासाठी रोज रात्री घड्याळ नव्याने लावावे लागे, एखाद्या रात्री वीज गेली की सगळे शून्यावर येई, आणि ट्रान्सफॉर्मर रात्रभर चालू ठेवावा लागे. भार नसतानाही ट्रान्सफॉर्मर थोडी वीज खातो. ती २० वॅट धरली तरी दिवसरात्र चालू राहिल्यास महिन्याला १४ युनिटांच्या वर जाते. निर्णय असा झाला की वेळ लावण्याची सोय सोडून द्यायची, सकाळी उठून बटण दाबायचे आणि कॉफी झाली की ट्रान्सफॉर्मर बंद करायचा. काकांना हे जड गेले. यंत्र चालू असेपर्यंत पुढच्या बाजूला ते घड्याळ अजूनही चुकीची वेळ दाखवत लुकलुकते.

कॉफी आणि पाणी

पहिल्या आठवड्यात घरात असलेली चिकोरी मिसळलेली बारीक पावडर वापरली गेली. दक्षिणी पितळी फिल्टरसाठी ती योग्य असते, कारण तिथे काढा सावकाश उतरण्याला वेळ दिलेला असतो. इथे पाणी वरून येतच राहते. बारीक भुकटीने जाळी तुंबली, गाळणी भरून वाहिली, आणि गरम गाळ मिसळणाच्या डब्यावर उतरला. त्यानंतर बारीक रव्याइतकी जाड दळलेली, चिकोरी नसलेली पावडर मागवण्यात आली. प्रमाण लिटरला ५५ ते ६० ग्रॅम ठेवले. अमेरिकी गाळणीच्या आकाराचे कागद इथल्या दुकानांत सहज मिळत नसल्यामुळे सोबत आलेली जाळीच कायम वापरात राहिली.

यंत्रावरच्या खुणाही फसव्या आहेत. त्यावर १२ कप लिहिले आहेत आणि एक कप साधारण १५० मिलिलिटरचा आहे. या घरातले कप त्याहून बरेच लहान. आधी चार जणांसाठी म्हणून आठच्या खुणेपर्यंत पाणी भरले जाई आणि निम्मी कॉफी तबकडीवर करपत राही. उलट दोनच कप केले तर भुकटीचा थर पातळ राहतो, पाणी त्यातून धावत जाते आणि कॉफी मचूळ लागते. चारची खूण हा या घरापुरता योग्य बिंदू ठरला. त्याचा आणखी एक फायदा झाला. टाकी ओट्यापासून उंच, काकूंच्या खांद्याच्या पातळीला आहे, आणि पूर्ण भरलेली टाकी तिथे उचलून सरळ ढकलणे त्यांना जमत नव्हते. एक तृतीयांश भरलेली टाकी जमते.

पाणी शुद्धीकरण यंत्रातले वापरले जाते, त्यामुळे क्षार फारसे साचत नाहीत. तरीही काही महिन्यांनी कॉफी उतरायला वेळ लागू लागला आणि यंत्र जास्त गुरगुरू लागले. नळीत पांढरा थर बसल्याची ती खूण. पाण्यात लिंबूफूल विरघळवून अर्धे पाणी चालवायचे, थोडा वेळ थांबायचे, मग उरलेले, आणि शेवटी दोनदा साधे पाणी, असे केल्यावर आवाज पूर्ववत झाला. व्हिनेगरनेही हे होते, पण त्याचा वास आजींना चालेना.

परिणाम

यंत्र बसून वर्ष उलटून गेले आहे आणि ते रोज वापरले जाते, ही गोष्ट मी यशाच्या बाजूला मांडतो, कारण भेट म्हणून आलेली बरीच उपकरणे एवढी टिकत नाहीत. पोळपाटाची जागा अबाधित आहे. वापर मात्र काका, काकू आणि परीक्षेच्या दिवसांत पुतण्या एवढ्यांचाच. आजींनी एकदा चव घेऊन 'काढा बरा' असे मत दिले, आणि पाहुण्यांसाठी अजूनही पातेल्यात जायफळाची कॉफीच होते. गाळलेल्या कॉफीत फ्रिजमधले दूध घातले की ती कोमट होते, म्हणून दूध हवे असणाऱ्यांसाठी ते वेगळे गरम करावे लागते, आणि त्याचे पातेले घासायला पडतेच.

पावसाळ्यानंतर तळफळीचा पुढचा कोपरा किंचित फुगला आणि तिथली कडपट्टी सुटली. भोकांपाशी काही झाले नाही. सिलिकॉन आणि प्लायने आपले काम केले. वाफ पुढे येऊन दाराच्या कडेमागे अडकत होती, तिथेच ओल धरली. आता स्टीलचा पत्रा बसवला आहे, आणि कॉफी होत असताना कपाटाचे दार अर्धे उघडे ठेवण्याची सवय लावून घेतली आहे.

काय वेगळे करता आले असते

पत्रा पहिल्याच दिवशी लावला असता तर कडपट्टी वाचली असती. ट्रान्सफॉर्मरच्या तुलनेत तो खर्च नगण्य होता. कपाट नव्याने करायचे असते तर मी वरच्या कपाटांची निदान तळफळी तरी जलरोधक प्लायची घ्यायला सांगितली असती आणि त्या एका भागाला मुठीचे दार दिले असते, म्हणजे खालची कडच राहिली नसती.

त्याहून मोठा प्रश्न क्रमाचा आहे. सवय टिकेल की नाही हे कळण्याआधी भोके पाडली गेली. इथे मिळणारे साधे यंत्र महिनाभर उसने आणून किंवा विकत घेऊन वापरले असते तर रोज किती कप लागतात, दुधाचे काय करायचे, पावडर कोणती, हे सगळे भिंतीला हात न लावता समजले असते. आणि कदाचित तेच यंत्र पुरेसे वाटले असते. काका हे मान्य करतात, काकू करत नाहीत. त्यांच्या मते साधे यंत्र ओट्यावर आले असते तर ते पुन्हा कधीच हलले नसते, आणि या घराचा अनुभव पाहता त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

मुलाने आधी फोनवर व्होल्टेजबद्दल विचारले असते तर, हाही एक मुद्दा घरात निघाला. त्याने विचारले असते तरी २३० व्होल्टचे असे यंत्र त्याला तिथे सापडले नसते. फार तर यंत्र आणू नको एवढे सांगता आले असते, आणि ते कोणी सांगितले असते असे वाटत नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. काचेचे भांडे त्या यंत्राच्याच मापाचे आहे आणि इथे मिळणारी भांडी तबकडी व गाळणीखालची झडप यांच्यामध्ये बसत नाहीत. ते फुटले तर बाकी सगळे शाबूत असूनही यंत्र बंद पडेल. मुलाला पुढच्या फेरीत दोन जादा भांडी आणायला सांगितले आहे. ती येईपर्यंत भांडे घासण्याचे काम काकूंनी स्वतःकडे ठेवले आहे.